व्याजदर उतरतो तेव्हा घरात काय घडते?

(पालघर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरंभीच एक कबुली देतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली तीस वर्षे वृत्तपत्रात लेखणी झिजवतो आहे. तेव्हा आज मी तुमच्यापुढे तज्ज्ञ म्हणून उभा नाही. ‘रिझर्व्ह बँकेकडून व्याजदरात कपात’ हा मथळा मी आयुष्यात कितीतरी वेळा लिहिला आणि त्याचा घराघरांत काय अर्थ होतो, हे मला फार उशिरा कळले. त्या उशिराची किंमत माझ्याच आप्तांनी मोजली. म्हणून हा विषय मी स्वतः मागून घेतला.

ज्या भूमीत आपण बसलो आहोत, तिला कर्ज आणि व्याज हे शब्द नवे नाहीत. १७३९च्या जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यासमोर बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले, किल्ला मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तो पराक्रम आपण अभिमानाने सांगतो. पण त्या काळच्या मोहिमा कर्जावर उभ्या राहत, थोरले बाजीराव सावकारांच्या देण्याने गांजलेले असत आणि धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामीही त्यांच्या धनकोंपैकी एक होते, ही बाजू आपण सहसा सांगत नाही. तलवारीमागे खजिना लागतो आणि खजिन्यामागे व्याजाचा दर असतो. राष्ट्राला हे चुकले नाही, तसे गृहस्थालाही चुकत नाही.

एकाच छपराखाली दोन बातम्या

माझी आत्या बोईसरला राहते. तिचे यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी कारखान्यात नोकरीला होते. ते निवृत्त झाले, तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले. निवृत्तिवेतन म्हणाल तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे, म्हणजे नावापुरते. ती सगळी पुंजी मुदत ठेवीत ठेवली गेली. यजमान गेल्यावर त्या ठेवीचे व्याज हाच आत्याचा पगार झाला. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, त्याच वसाहतीत छोटा गाळा घेऊन यंत्रभागांचे जॉबवर्क करतो. गाळ्यावर कर्ज, यंत्रावर कर्ज आणि वर बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा.

७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने जवळजवळ पाच वर्षांनी प्रथमच रेपो दर उतरवला. योगायोगाने त्या संध्याकाळी मी त्यांच्याच घरी होतो. दूरदर्शन संचावर बातमी लागली आणि आतेभाऊ म्हणाला, ‘‘चला दादा, हप्ता थोडा हलका होईल.’’ आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘अरे, म्हणजे माझं व्याज परत कमी होणार ना?’’

एकच बातमी, एकच घर. पण एकाच्या पानात पेढा आणि दुसऱ्याच्या वाटीत काढा. आजचे सारे व्याख्यान या दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आहे, असे समजा.

रेपो म्हणजे काय?

रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली. तिच्या स्थापनेची शिफारस करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली होती. त्याआधी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या समस्येवरील ग्रंथात त्यांनी आग्रहाने मांडले होते, की चलनाचे खरे स्थैर्य म्हणजे त्याच्या क्रयशक्तीचे स्थैर्य. रुपयात काय विकत मिळते, हाच सामान्य माणसाचा प्रश्न असतो. पुढे १९४३ साली या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते आपल्या कोकणातल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा हा विषय परका मानण्याचे आपल्याला कारण नाही. त्याच्या पायाभरणीत आपली माणसे आहेत.

आपल्याला पैसे कमी पडले तर आपण बँकेत जातो. बँकेला एखाद्या दिवसापुरते पैसे कमी पडले, तर ती सरकारी रोखे गहाण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उसने घेते. त्या उसनवारीचा दर म्हणजे रेपो दर. बँकांचा बहुतांश पैसा या मार्गाने येत नाही, तो तुमच्या आमच्या ठेवींतून येतो. तरीही हा दर महत्त्वाचा, कारण बाजारातल्या साऱ्या अल्पमुदतीच्या व्यवहारांची ती पट्टी आहे. पट्टी सरकली, की मोजमाप सरकते.

ही पट्टी पूर्वी गव्हर्नर ठरवीत. २०१६पासून ती सहा सदस्यांची पतधोरण समिती ठरवते. तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले, आणि मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक. कायद्याने तिच्यापुढे ठेवलेले लक्ष्य स्पष्ट आहे. किरकोळ महागाईचा दर ४ टक्क्यांच्या जवळ, आणि फार तर दोन टक्के खाली किंवा वर. वाढीचे भान ठेवायचे, पण आधी महागाई आवरायची.

आता २०२५ साली काय घडले ते पाहू. फेब्रुवारीत रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के झाला, एप्रिलमध्ये ६ टक्के, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का उतरून ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. एका वर्षात सव्वा टक्का. जूनमध्येच आणखी एक निर्णय झाला. प्रत्येक बँकेला आपल्या ठेवींचा ठरावीक भाग बिनव्याजी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो. हे रोख राखीव प्रमाण ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायचे ठरले आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात चार टप्प्यांत सुमारे अडीच लाख कोटी रुपये बँकांकडे मोकळे झाले. दर कमी केला म्हणजे पैसा स्वस्त झाला, आणि राखीव प्रमाण कमी केले म्हणजे पैसा मुबलक झाला. दोन्ही का करता आले? महागाई उतरली होती म्हणून. ऑक्टोबर २०२५मध्ये किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के नोंदला गेला. त्या निर्देशांकाच्या मालिकेतला तो नीचांक होता.

हप्त्याचे गणित

एप्रिल २०१३मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी लोकल सुरू झाली आणि आपल्या परिसराचे रूप पालटले. मुंबईत घर न परवडणारा माणूस पालघर-बोईसरला आला. पहाटेची लोकल पकडणारी ती मंडळी आज या सभागृहातही आहेत. त्यांच्यासाठी एक उदाहरण.

समजा, ३० लाखांचे गृहकर्ज आहे, मुदत २० वर्षे. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता येतो सुमारे २६,०३५ रुपये. दर सव्वा टक्क्याने उतरून सव्वासात झाला तर हप्ता होतो सुमारे २३,७११. महिन्याला २,३२४ रुपयांची बचत. वीस वर्षांत ती साडेपाच लाखांच्या वर जाते. पण समजा, तुम्ही हप्ता कमी करून घेतला नाही. पूर्वीचेच २६,०३५ भरत राहिलात. तर कर्ज २४० महिन्यांऐवजी सुमारे १९८ महिन्यांत फिटते. साडेतीन वर्षे आधी! आणि वाचणारी रक्कम जवळजवळ ११ लाख. दर तोच, कर्ज तेच; फरक फक्त आपल्या संयमाचा. वाचलेल्या दोन हजारांत नवा मोबाइल हप्त्याने घ्यायचा की साडेतीन वर्षे आधी ऋणमुक्त व्हायचे, हा निर्णय मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेत होत नाही, आपल्या स्वयंपाकघरात होतो.

मात्र कपात आपोआप दारी येते, या भ्रमात राहू नका. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून’ असे आपण म्हणतो. इथे अनेकदा उलटे घडते. आडात भरपूर असते, पण पोहऱ्यात येत नाही. २०१५ साली रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला होता, तरी कर्जाचे दर त्या मानाने पुष्कळ कमी उतरले. बँकांच्या वह्या बुडीत कर्जांनी भरल्या होत्या, त्यांना नफ्याची भोके बुजवायची होती. मार्च २०१८मध्ये थकीत कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेले होते. मार्च २०२५पर्यंत ते २.३ टक्क्यांवर आले. बँक निरोगी असेल तरच औषध अंगी लागते. शिवाय १ ऑक्टोबर २०१९पासून व्यापारी बँकांनी घरासाठी, व्यक्तींना आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना दिलेली बदलत्या दराची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या मापाशी जोडणे बंधनकारक झाले. म्हणून या खेपेस कपात लवकर पोहोचली. पण गृहवित्त कंपन्यांना आणि नागरी सहकारी बँकांना तो नियम लागू नाही, आणि त्याआधीची कित्येक कर्जे जुन्याच पद्धतीवर रेंगाळत राहिली. तेव्हा आपले कर्ज कोणत्या मापाला बांधलेले आहे, हे उद्या सकाळी जाऊन विचारा. विचारणाऱ्याचाच दर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

तारापूरच्या गाळ्यांत

तारापूरची वसाहत म्हणजे रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचा संसार. मोठे कारखाने मोजके, त्यांच्या आधाराने चालणारे गाळे असंख्य. अशा गाळ्यात व्याजदर कपातीने काय होते?

आतेभावाची कॅश क्रेडिट मर्यादा ४० लाखांची. व्याज एक टक्क्याने उतरले, तर पूर्ण मर्यादा वापरात असताना त्याचे वर्षाला ४० हजार वाचतात. एका कामगाराचे दोन-अडीच महिन्यांचे वेतन म्हणा. चांगली गोष्ट आहे. परंतु या एक टक्क्यामुळे तो नवे यंत्र घेईल का? मी त्याला हेच विचारले. तो म्हणाला, ‘‘दादा, यंत्र व्याजावर घेत नाहीत, ऑर्डरवर घेतात.’’

अर्थशास्त्राची मोठाली पुस्तके जे सांगतात, ते त्याने एका वाक्यात सांगितले. स्वस्त कर्ज म्हणजे फक्त मोकळा रस्ता. गाडी चालायला मागणीचे इंधन लागते. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा निर्यातीवर विसंबलेल्या उद्योजकाला रेपोच्या पाव-अर्ध्या टक्क्याने काय दिलासा मिळणार होता? अशा वेळी देशांतर्गत बाजारपेठ हाच आधार. तिथे स्वस्त कर्जाचे काम मोलाचे ठरते. घर बांधले जाते, म्हणजे पोलाद, रंग, तारा, नळ लागतात. ते पोलाद आणि ते रंग बनवणाऱ्याला सुटे भाग लागतात. आणि ते सुटे भाग माझा आतेभाऊ कातून देतो. चक्र असे फिरते. फक्त ते फिरायला वेळ लागतो. आज उतरलेल्या दराचा परिणाम गाळ्यापर्यंत पोहोचायला अनेक महिने जातात.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती तुम्हाला मुद्दाम सांगतो. समजा, एका लघुउद्योजकाचे १ कोटी रुपये मोठ्या ग्राहकाकडे थकले आणि ठरल्यापेक्षा तीन महिने उशिरा आले. तेवढ्या काळासाठी त्याला बँकेचे १० टक्के व्याज भरावे लागते. म्हणजे अडीच लाख रुपये केवळ दुसऱ्याच्या दिरंगाईपायी गेले. आता विचार करा, व्याजदर एका टक्क्याने उतरण्यात त्याचे हित अधिक, की बिल वेळेवर मिळण्यात? २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. या सभागृहात मोठ्या कारखान्यांच्या खरेदी विभागात आणि लेखा विभागात काम करणारे अनेकजण असतील. तुम्ही बिलावर वेळेवर सही केलीत, तर रिझर्व्ह बँकेच्या कपातीहून मोठी देशसेवा घडेल, असे मी गंभीरपणे म्हणतो.

आत्याचा पगार कोणी कापला?

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. समजा, २० लाखांची ठेव आहे. सव्वासात टक्क्यांनी वर्षाचे व्याज १,४५,०००. सव्वासहा टक्क्यांनी १,२५,०००. महिन्याला सुमारे १,६६७ रुपये कमी. नोकरदाराच्या पगारातून इतकी रक्कम कापली, तर कारखान्याच्या फाटकावर घोषणा होतील. ठेवीदाराचे फाटकच नाही, तो घोषणा कुठे देणार?

‘महागाई कमी झाली, तेव्हा ठेवीवरचे खरे व्याज वाढलेच आहे,’ असे अर्थतज्ज्ञ म्हणतात. ते चूक नाही. ठेवीवर ७ टक्के आणि महागाई ६ टक्के असेल, तर हाती खरा उरतो १ टक्का. ठेवीवर ६ टक्के आणि महागाई २ टक्के असेल, तर उरतात ४. महागाईच्या काळातले वाढीव व्याज हे पुष्कळदा मृगजळ असते. हे मी आत्यालाही सांगितले. ती म्हणाली, ‘‘अरे, कांदा स्वस्त झाला हे खरं. पण गुडघ्याच्या गोळ्या स्वस्त झाल्या का?’’ सरासरी महागाई आणि वृद्धांच्या घरची महागाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धोरण आखणाऱ्यांनी हे विसरू नये.

हा अनुभव आपल्या पिढीला नवा नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर जानेवारी २०००पर्यंत १२ टक्के व्याज मिळत होते. मार्च २००३पर्यंत ते ८ टक्क्यांवर आले. त्याच काळात बँक दर ८ वरून ६ टक्क्यांवर आला. मध्यमवर्ग हळहळला, आणि त्याचे हळहळणे रास्त होते. पण त्याच काळात अटलजींच्या सरकारने सुवर्ण चतुर्भुज महामार्गाचे काम हाती घेतले, गृहकर्जे स्वस्त झाली आणि भाड्याच्या खोलीत आयुष्य गेलेल्या कितीतरी घरांतल्या मुलांनी तिशीतच स्वतःचे घर घेतले. बापाच्या ठेवीचे व्याज घटले आणि मुलाच्या डोक्यावर छप्पर आले. हे कुटुंबाच्या पातळीवर पाहिले तरच नीट दिसते. २००४ साली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ९ टक्क्यांनी सुरू झाली, तीही वृद्धांवर पडलेला हा भार हलका करण्यासाठीच.

आता ती कबुली, जिच्यासाठी मी उभा आहे. मे २०२०मध्ये, महामारीच्या काळात, रेपो दर ४ टक्क्यांवर आला. ठेवींचे दर साडेपाचच्या आसपास घसरले. आत्याच्या घरखर्चाला ओढ लागली. अशा वेळी ओळखीचाच एक गृहस्थ आला. महिन्याला दोन टक्के देतो म्हणाला. तिने मला विचारले नाही, कारण मी सदैव घाईत असतो, असे तिला वाटे. एक ठेव मोडून तिने ३ लाख त्याच्या हाती दिले. आठ महिने पैसे आले, नंतर माणूसही आला नाही. तिने हे मला दोन वर्षांनी सांगितले, तेही लाजत. दर उतरल्याची बातमी पहिल्या पानावर मीच दिली होती. तिचा अर्थ सांगायला मात्र मी बोईसरचे स्थानक गाठले नाही. दर उतरतात तेव्हा लबाडांचे पीक येते, हा इतिहासाचा नियम आहे. बँक ६ टक्के देत असताना जो २४ टक्के देऊ करतो, तो व्याज देत नाही. तो आपलेच मुद्दल आपल्याला हप्त्याहप्त्याने परत करतो आणि उरलेले घेऊन जातो.

जिथे रेपो पोहोचत नाही

आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याच्या एका टोकाला अणुवीज आहे आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे पाडे. दिवाळीच्या सुमारास त्या पाड्यांतली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर निघतात. त्या उचलीला रेपो लागू होत नाही. तिची फेड अंगमेहनतीने होते, आणि हिशेबाची वही मालकाच्या हाती असते. सातपाटीच्या नाखव्याला डिझेल, जाळी आणि बर्फ यांसाठी हंगामाआधी पैसा लागतो. तो त्याला सहकारी संस्थेकडून किंवा बँकेकडून मिळाला तर ठीक, नाहीतर मासळी घेणाऱ्याकडूनच उचलावा लागतो. मग मासळीचा भाव कोण ठरवणार, हे सांगायला नको.

पीक कर्ज वेळेवर फेडले तर सरकारी सवलतीमुळे ते शेतकऱ्याला ४ टक्क्यांनी पडते. किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांपर्यंतही विस्तारली आहे. म्हणजे कागदावर या देशातले सर्वांत स्वस्त कर्ज सर्वांत गरजवंतासाठीच आहे. पण त्यासाठी कागद हवा, खाते हवे आणि फॉर्म भरून देणारा माणूस हवा. पाड्यावर जाणाऱ्या, वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. महिला बचत गट बँकेशी जोडून द्या, एका कुटुंबाचे कार्ड काढून द्या. रिझर्व्ह बँकेचा दर जिथे चालत जात नाही, तिथे त्याला हात धरून नेणे हे कार्यकर्त्याचेच काम आहे.

औषधाची मात्रा

मग दर उतरवतच का जात नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. २००८च्या जागतिक मंदीत आपला रेपो दर ९ वरून काही महिन्यांत ४.७५ टक्क्यांवर आणला गेला. ते त्या वेळी आवश्यक होते. पण पुढच्या वर्षी महागाई भडकली आणि ऑक्टोबर २०११पर्यंत दर ८.५० टक्क्यांवर चढवावा लागला. महामारीनंतरही तेच झाले. एप्रिल २०२२मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, ४ मे रोजी ठरल्या बैठकीची वाट न पाहता दरवाढ करावी लागली आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत ४ चे ६.५० झाले. ज्यांनी स्वस्ताईत ताणून कर्ज घेतले होते, त्यांच्या कर्जाच्या मुदती निवृत्तीच्या वयापलीकडे गेल्या.

तुर्कस्तानने २०२१ साली महागाई चढती असतानाही दर १९ वरून १४ टक्क्यांवर उतरवला. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथली महागाई ८५ टक्क्यांवर पोहोचली आणि लिराची धूळधाण झाली. पुढे त्याच देशाला दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. दुसरीकडे जपानने दीर्घकाळ शून्याच्या आसपास दर ठेवूनही वृद्ध होत चाललेल्या समाजात मागणी जागवणे त्याला जड गेले. आपल्याकडेही दर उतरतात तेव्हा परकीय भांडवलाची ओढ कमी होऊ शकते. रुपया दुबळा झाला, तर निर्यातदाराला लाभ होतो, पण तेल आणि आयात कच्चा माल महागतो. डिसेंबर २०२५मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. त्यामागे शुल्कयुद्धासह अनेक कारणे होती, पण दर ठरवताना हा काटाही पाहावा लागतो. व्याजदर हे औषध आहे, अन्न नव्हे. अन्न म्हणजे उत्पादन, कौशल्य, बचत आणि परस्परांवरचा विश्वास.

मग आपण काय करावे?

कर्जदारांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, कर्ज कोणत्या मापाला जोडले आहे ते लेखी विचारावे. ऑगस्ट २०२३च्या निर्देशानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी बँकेने कर्जदाराला द्यायची आहे. ती मागून घ्या. दुसरी, दर उतरला तरी शक्य असेल तोवर हप्ता तोच ठेवावा. तिसरी, कर्ज घेताना दर दोन टक्क्यांनी चढला तरी हप्ता झेपेल का, हे पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरे. पण अंथरूण आखडू शकते, हेही लक्षात ठेवावे. लघुउद्योजकांसाठी आणखी एक. १ जानेवारी २०२६पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांवर बहुतेक बँकांना मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही. तेव्हा महागड्या कर्जाला चिकटून बसू नका.

ठेवीदारांनी सारी रक्कम एकाच मुदतीत अडकवू नये. एक, दोन, तीन, पाच वर्षे अशी विभागावी, म्हणजे सगळ्या ठेवी एकदम पडत्या दरात सापडत नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३पासून २०२५ संपेपर्यंत ८.२ टक्के राहिला. तिथे पैसे ठेवताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही, आणि मर्यादा ३० लाखांची आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्था वाईट असते, असे मी म्हणत नाही. सहकार ही महाराष्ट्राची पुण्याई आहे. पण अर्ध्या टक्क्याच्या मोहाने आयुष्याची सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये, इतकेच.

आणि शेवटची गोष्ट कुटुंबाची. जून २०२५मध्ये आतेभावाच्या गृहकर्जाचा हप्ता पुन्हा थोडा उतरण्याची वेळ आली, तेव्हा मी, तो आणि आत्या, तिघे कागद घेऊन बसलो. त्याच्या घरात दर महिन्याला किती वाचणार आणि तिचे किती घटणार, हे एकाच पानावर मांडले. त्याचे जितके वाचत होते, त्यापेक्षा तिचे कमी घटत होते. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून तिच्या खात्यात दर महिन्याला १,७०० रुपये जमा होऊ लागले. उरलेली बचत तो कर्जाच्या मुद्दलात भरतो. आत्या पहिल्यांदा रागावली. ‘‘मी काय तुझ्याकडे मागायला आले होते?’’ म्हणाली. तो म्हणाला, ‘‘आई, हे माझे पैसे नाहीत. तुझ्याकडून कापून मला मिळाले होते, ते परत देतोय.’’

बंधुभगिनींनो, कोणतीही पतधोरण समिती हा निर्णय घेऊ शकत नाही. ती देशाचा विचार करते, तिने तो करायलाच हवा. आणि देशाचा विचार करताना कोणाला तरी थोडे मिळते आणि कोणाचे तरी थोडे जाते. ज्याला मिळाले त्याने ज्याचे गेले त्याची आठवण ठेवावी, ही व्यवस्था मात्र कायद्याची नाही, संस्कारांची आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आईवडिलांना एवढेच विचारा : ‘‘तुमच्या ठेवीचे व्याज किती झाले?’’ मी हे विचारायला दोन वर्षे उशीर केला. तुम्ही करू नका.